घबराहट आणि घाबरणं

जबलपूरच्या माझ्या आत्याला मी एकदा सात प्रश्न वाचून दाखवले. अमेरिकेत २००६ साली तयार झालेली ती प्रश्नावली आता जगभरच्या दवाखान्यांत वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी आवरता आली नाही असं किती वेळा झालं, काहीतरी भलतंच घडेल असं वाटलं का, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येकाचं उत्तर शून्य ते तीन या आकड्यांत द्यायचं. अनुवादाचं एक काम हाती होतं आणि ही वाक्यं मराठीत म्हाताऱ्या माणसाच्या कानाला कशी लागतात, ते मला पाहायचं होतं. आत्याने पहिलाच प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "दोनच आठवडे? मी भूकंपापासूनचं सांगते की."

तिचा भूकंप म्हणजे २२ मे १९९७ चा. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं झाली होती, बुद्धपौर्णिमेचा चंद्र अजून आकाशात होता. तीव्रता ५.८. कोसमघाट परिसरात त्याचं केंद्र होतं. चाळीसच्या आसपास माणसं गेली, जुन्या मातीच्या आणि विटांच्या घरांना तडे गेले. नंतर कितीतरी रात्री अख्खं शहर अंगणात, रस्त्यावर, मैदानात झोपलं. जवळून ट्रक गेला तरी माणसं उठून बसत. पंख्याकडे बघत राहायची सवय सगळ्यांना लागली होती, कारण हलतंय की नाही हे त्याच्याकडे बघूनच कळायचं. मग पाऊस आला आणि लोक नाइलाजाने घरात गेले. आत्याही गेली, पण तिने आपली खाट दाराशी ओढून घेतली. ती अजून तिथेच आहे.

आत्या तिच्या त्रासाला 'घबराहट' म्हणते. जबलपूरचं मराठी असंच आहे. त्यात हिंदी कुठे सुरू होते हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुण्याच्या नातेवाइकांना ती फोनवर सांगायची, "मला फार घबराहट होते गं," आणि पलीकडून हमखास प्रश्न यायचा, "अगं, पण घाबरतेस कशाला?" या एका प्रश्नात दोन भाषा एकमेकींना चुकतात. मराठीत माणूस कशाला तरी घाबरतो. कुत्र्याला, परीक्षेला, सासूला. हिंदीतल्या घबराहटीला असं कर्म लागत नाही. ती होते. छातीत होते, पोटात होते, तळहातांना घाम येतो. कशामुळे, हे विचारणाऱ्याला ती झालेलीच नाही. गंमत म्हणजे जुन्या मराठीत हे होतं: 'जीव घाबरा होतो' असं आमची पणजी म्हणायची, आणि त्यात कुणाला घाबरण्याचा संबंध नव्हता. तो प्रयोग आपण हळूहळू बाजूला टाकला आणि त्या जागी 'टेन्शन' आणलं.

शब्दांच्या बाबतीत आपण तसे श्रीमंत. धाकधूक, हुरहूर, तगमग, घालमेल, काहूर, कासावीस. यांतला प्रत्येक शब्द शरीरातली वेगळी जागा दाखवतो. 'काळजी' तर सरळ काळजाला जोडलेली. 'चिंता' मात्र डोक्यातली. ती ज्या धातूपासून आली त्याचा अर्थ नुसता विचार करणं. इंग्रजीतल्या 'ॲन्झायटी'च्या मुळाशी लॅटिनमधला आवळण्याचा, गळा दाबण्याचा अर्थ आहे. म्हणजे तिथेही गोष्ट शरीरापासूनच सुरू झाली. आमच्या पुस्तिकेत मात्र 'दुश्चिंता' हा शब्द ठरला होता. अचूक असेल, पण तो उच्चारताना कुणाचा जीव घाबरा झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुस्तिकेचा उत्तरार्ध उपायांचा होता आणि त्याचं शीर्षक 'सर्वांगीण उपाय'. श्वास, ध्यान, योगासनं, चालणं, झोप. वाचताना जाणवलं की या यादीतल्या निम्म्याहून जास्त गोष्टींचा अलीकडचा इतिहास आत्याच्या शहराशी, आणि त्या शहराच्या नदीशी, कुठे ना कुठे जोडलेला आहे. या गोष्टी प्राचीन म्हणून सांगितल्या जातात. त्यांची मुळं प्राचीन आहेतही. पण काळजीवरचा इलाज म्हणून त्या ज्या रूपात आपल्यापर्यंत आल्या, ते रूप फार तर शंभर वर्षांचं आहे. आणि ते रूप घडवण्यात गुरूंइतकाच हात काळजी करणाऱ्या साध्या माणसांचा आहे, असं मला वाटतं. 'होलिझम' हा शब्दसुद्धा १९२६ साली यान स्मट्स या दक्षिण आफ्रिकी सेनानीने आपल्या पुस्तकातून चालवला. गांधींना तुरुंगात टाकणारा आणि गांधींनी ज्याला हाताने शिवलेल्या चपला दिल्या तोच हा स्मट्स. प्राचीन पूर्वेचा म्हणून जो शब्द विकला जातो, तो असा एका जनरलचा निघतो.

जबलपुरात मराठी माणूस आला तो सैन्याबरोबर आणि हिशेबाच्या वह्यांबरोबर. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. मग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात जबलपूर राहिलं, ते थेट १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत. त्यामुळे मराठी कारकून, शिक्षक, वकील इकडे येत राहिले. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईची आणि कलकत्त्याची रेल्वे एकमेकींना मिळाली तीही याच शहराच्या वाटेवर. जबलपूर कुठल्याच टोकाला नाही. इथून सगळीकडे जाता येतं, आणि पुढे ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ती माणसंही इथून गेलीच.

एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतात वेड्यांची दोन इस्पितळं होती, एक नागपुरात आणि एक जबलपुरात. तिथे घबराहटीची माणसं जात नसत. दंगा करणारी, रस्त्यावर सापडलेली, पोलिसांनी आणलेली जात. त्या काळच्या सरकारी अहवालांत वेडाचं कारण नोंदवण्याचा रकाना असे आणि त्यात गांजाचं नाव सढळपणे लिहिलं जाई. १८९३-९४ च्या गांजा-भांग आयोगाने देशभरच्या इस्पितळांतली अशी प्रकरणं एकेक करून तपासली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ते कारण कुणीतरी अंदाजाने भरलं होतं असं निघालं. ज्या आजाराचं कारण सापडत नाही तिथे रकाना मोकळा ठेवणं माणसाला जड जातं. पुण्याहून येणारा 'कशाला घाबरतेस?' हाही तसाच एक रकाना.

आता महेश प्रसाद यांच्याकडे येऊ, ज्यांना जग महर्षी महेश योगी म्हणून ओळखतं. त्यांचा जन्म कुठे आणि केव्हा झाला यावर एकमत नाही. जबलपूर आणि राजिमजवळचं पांडुका अशी दोन गावं सांगितली जातात, १९१७ आणि १९१८ अशी दोन सालं. अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांच्या सेवेत ते १९५३ मध्ये गुरूंचं निधन होईपर्यंत राहिले. जातीने कायस्थ, त्यामुळे पीठावर बसण्याचा प्रश्नच नव्हता. १९५५ पासून त्यांनी लोकांना ध्यान शिकवायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये देशाबाहेर पडले. पद्धत सुटसुटीत होती: एक मंत्र, दिवसातून दोन वेळा वीसेक मिनिटं, डोळे मिटून, मनाशी झगडा न करता. संसार सोडायला नको, आहार बदलायला नको, श्रद्धा बदलायला नको.

ते १९५९ मध्ये अमेरिकेत पोचले. तो काळ लक्षात घ्यायला हवा. 'काळजीचं युग' हे नाव ऑडेनच्या १९४७ च्या दीर्घकवितेने त्या काळाला आधीच दिलेलं होतं. १९५५ मध्ये 'मिलटाउन' ही शामक गोळी बाजारात आली आणि बघता बघता घराघरांत पोचली; १९६० मध्ये 'लिब्रियम' आलं, १९६३ मध्ये 'व्हॅलियम'. अशा देशात दाढीवाला एक हसरा साधू येतो आणि डोळे मिटायला सांगतो. त्यांच्या चळवळीतच सांगितला जाणारा एक किस्सा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या ध्यानाचं वर्णन औषधाविना मिळणारं शामक असं केलं, त्याने लोकांना झोप लागते असं लिहिलं. महर्षींना वाईट वाटलं. ते लोकांना जागं करायला आले होते आणि लोकांना हवी होती झोप.

हा किस्सा सांगणारे तो अमेरिकेच्या उथळपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला तो तसा वाटत नाही. रात्री तीन वाजता छताकडे बघत पडलेल्या बाईला वैश्विक चैतन्य नको असतं, तिला झोप हवी असते. तिने मोठ्या वस्तूतून आपल्याला लागेल तेवढा तुकडा कापून घेतला. पुढची सगळी हकिगत या तुकड्याचीच आहे. १९७० मध्ये रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ध्यान करणाऱ्यांच्या प्राणवायूच्या वापराची आणि हृदयाच्या ठोक्यांची मोजणी प्रसिद्ध केली. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन त्यांच्याबरोबर काम करू लागले आणि १९७५ च्या आपल्या पुस्तकात तर त्यांनी मंत्राचं रहस्यच काढून टाकलं: कुठलाही साधा शब्द घ्या, 'एक' म्हटलंत तरी चालेल. जबलपूर, अलाहाबाद, ज्योतिर्मठ असा निघालेला मंत्र बॉस्टनला पोचेपर्यंत 'एक' होऊन गेला. गुरूंच्या दृष्टीने ही हानी. आत्याच्या दृष्टीने बघितलं तर सोय.

दुसरे गृहस्थ नेमकं उलटं सांगत होते. रजनीश चंद्रमोहन जैन १९५१ मध्ये गाडरवाऱ्याहून जबलपूरला कॉलेजसाठी आले. राणी दुर्गावती संग्रहालयाजवळ भंवरताल नावाची बाग आहे. तिथल्या मौलश्रीच्या, म्हणजे आपल्या बकुळीच्या, झाडाखाली २१ मार्च १९५३ च्या रात्री आपल्याला बोध झाला, असं त्यांनी पुढे सांगितलं. बोधाचं मी काही बोलत नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. मला त्याआधीच्या वर्षाचं त्यांनीच केलेलं वर्णन महत्त्वाचं वाटतं. भूक गेली होती, डोकं असह्य दुखायचं, आपण आहोत की नाही हे कळेनासं झालं होतं, म्हणून शरीराची जाणीव राहावी यासाठी ते सकाळ-संध्याकाळ मैलोन् मैल धावायचे. घरच्यांनी वैद्य-डॉक्टरांना दाखवलं. एका वैद्याने मात्र याला आजार नाही असं सांगितलं. त्यांच्या भक्तांना यात बोधापूर्वीची अवस्था दिसते. आजच्या दवाखान्यात सात प्रश्नांचा कागद पुढे आला असता. वीस-एकवीस वर्षांचा, घरापासून दूर राहणारा एक मुलगा आपली घबराहट पळून पळून घालवतोय, एवढं तरी त्यात दोघांनाही दिसायला हरकत नाही.

रजनीश पुढे जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवत राहिले, १९६६ मध्ये नोकरी सोडली, १९७० मध्ये मुंबईला गेले. त्याच वर्षी त्यांनी 'सक्रिय ध्यान' लोकांसमोर आणलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आजचा माणूस आतून इतका दाबलेला आहे की त्याला नुसतं बस म्हटलं तर तो गप्प बसण्याचं नाटक करेल. आधी वाफ जाऊ द्या. म्हणून पहिली दहा मिनिटं बेबंद श्वास, मग दहा मिनिटं रडणं, ओरडणं, नाचणं, जे येईल ते, मग उड्या मारत हुंकार, आणि त्यानंतर शांतता. महर्षी म्हणत होते, तळाशी शांतता आहेच, हलकेच खाली उतरा. रजनीश म्हणत होते, आधी गाळ उपसा. एकाच शहराशी नातं असलेल्या दोन माणसांनी एकाच प्रश्नाची इतकी विरुद्ध उत्तरं दिली आणि दोघांनाही लाखो लोक मिळाले, यातून मला एवढंच कळतं की तो प्रश्न फार लोकांचा होता.

या गोष्टीत एक मराठी बाईही आहे, आणि तिचा उल्लेख मराठी लेखनात या संदर्भात क्वचित येतो. निर्मला साळवे, छिंदवाड्याच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातल्या, जन्म २१ मार्च १९२३; लग्नानंतर श्रीवास्तव, जगासाठी निर्मलादेवी. १९७० च्या मे महिन्यात गुजरातच्या किनाऱ्यावर नारगोळला रजनीशांचं शिबिर होतं. त्या तिथे होत्या, आणि जे पाहिलं ते त्यांना आवडलं नाही. सहजयोगाची सुरुवात त्या तिथूनच, ५ मे १९७० पासून मोजत. त्यांच्याकडे ना मंत्राचं शुल्क होतं, ना आरडाओरडा. हात उघडे ठेवून बसायचं आणि तळव्यांवर गार झुळूक जाणवते का ते पाहायचं. (२१ मार्च ही तारीख या हकिगतीत पुन्हा पुन्हा येते. रजनीश पुण्यात कोरेगाव पार्कला आले तेही २१ मार्च १९७४ ला. योगायोगावर कुणाला काही बांधायचं असेल तर सामान तयार आहे.)

पुण्यात रजनीशांच्या ध्यानाला पाश्चात्त्य मानसोपचाराचे गट जोडले गेले आणि वाफ काढण्याचा विचार टोकाला गेला. त्या गटांत मारामाऱ्या झाल्या, हाडं मोडली, आणि १९७९ च्या जानेवारीत आश्रमाने हिंसा थांबल्याचं जाहीर केलं. पुढचा ओरेगॉनचा अध्याय सगळ्यांना ठाऊक आहे, तो इथे नको. काळजीने पिचलेला माणूस उपाय सांगणाऱ्याच्या हातात किती सहज सापडतो, हे विसरू नये म्हणून मात्र हे लिहिणं भाग आहे.

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून नर्मदा पश्चिमेला जाते. तिच्या काठाकाठाने खूप खाली उतरत गेलं, तर बडोद्याच्या बाजूला मालसर नावाचं गाव लागतं. तिथे परमहंस माधवदास नावाचे योगी राहत. १९१९ च्या सुमारास त्यांच्याकडे जगन्नाथ गणेश गुणे हे एक मराठी शिक्षक गेले. जन्म १८८३ चा, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांना योगाचा अनुभव आला, आणि त्या अनुभवावर त्यांनी जी प्रतिक्रिया दिली ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत निराळी वाटते. हे शरीरात नेमकं काय होतं, असं त्यांनी विचारलं. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं, आणि उड्डियान-नौली करणाऱ्या माणसाची क्ष-किरण छायाचित्रं घेतली. संन्यासी नाव कुवलयानंद, हातात दाबमापक. गांधींनी १९२७ मध्ये आपल्या रक्तदाबासाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

त्यांच्या परंपरेचा धागा मुंबईत परळला पोचला. केईएम रुग्णालयात मानसोपचार विभागात डॉ. एन. एस. वाहिया होते. मनाच्या विकारांपैकी ज्यांना तेव्हा 'न्यूरोसिस' म्हणत, अशा काळजीग्रस्त रुग्णांना उपलब्ध उपायांनी म्हणावा तसा गुण येत नाही, असं त्यांना दिसत होतं. कैवल्यधामचे विनेकर आणि सहकारी दूनगाजी यांच्याबरोबर त्यांनी १९६६ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअॅट्री'त एक लेख लिहिला, काही प्राचीन भारतीय कल्पनांचा मनोविकारांच्या उपचारातला उपयोग या विषयावर. कुवलयानंद वारले तेही १९६६ मध्येच. पुढे १९७२-७३ मध्ये या गटाचे आणखी लेख आले. आधार पतंजलीचा होता. योगसूत्रांत चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांची यादी आहे, आणि त्यांच्या सोबत येणाऱ्या चार गोष्टी लगेच पुढे सांगितल्या आहेत: दुःख, खिन्नता, अंगाला सुटणारा कंप आणि बिघडलेला श्वास. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आत्याच आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने रुग्ण नीट बघितला होता.

वाहियांनी केलं ते असं. रुग्णांना रोज तासभर, काही आठवडे, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान या पाच पायऱ्यांनी नेलं. आणि तुलनेसाठी दुसऱ्या गटाला वरवर तशाच दिसणाऱ्या हालचाली, तसाच श्वासाचा व्यायाम दिला, मनाला वळवण्याचा भाग वगळून. दोन्ही गट रोज इस्पितळात येत होते, दोघांकडेही कुणीतरी लक्ष देत होतं. पहिल्या गटाची काळजी मापनपट्टीवर जास्त उतरली. आजच्या कसोट्यांवर त्या प्रयोगात उणिवा काढता येतील, संख्या लहान होती. पण 'कशाच्या तुलनेत?' हा प्रश्न आपल्या परंपरेच्या बाबतीत विचारायची हिंमत परळच्या महापालिकेच्या दवाखान्यातल्या माणसांनी दाखवली. मंत्र देणाऱ्यांपैकी कुणी तो विचारल्याचं मला माहीत नाही. मराठी वाचकाला महर्षी आणि ओशो ठाऊक असतात, वाहिया ठाऊक नसतात, याची मला जरा चीड आहे.

हा प्रश्न मला इतका जवळचा का, तेही सांगते. भूकंपानंतर दोनेक वर्षांनी आत्याला डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि तिला बरं वाटू लागलं. मग ती शेजारणीबरोबर कुठल्याशा शिबिराला गेली. नाव सांगत नाही. तिथे डोळे मिटून बसायला शिकवलं ते तिला फार आवडलं, अजूनही ती पहाटे बसते. पण त्याच शिबिरात कुणीतरी तिला सांगितलं की गोळ्या म्हणजे विष, ध्यानावर विश्वास असेल तर आजपासून बंद कर. तिने बंद केल्या, एकदम, कुणाला न सांगता. पुढचा महिना आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. तिला वाटत होतं पुन्हा जमीन हलतेय. ती रात्री अंगणात बसून राहायची आणि मी तिच्याशेजारी, काय करावं हे न कळून. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. सोडायच्या असतील तर हळूहळू, आम्हाला विचारून, एवढंच म्हणाले. ते ध्यानाला हसले नाहीत. "तेही करा," म्हणाले.

पुस्तिकेत मी जोर लावून एक परिच्छेद घालायला लावला तो यासाठी. गेल्या दहा-बारा वर्षांत जे अभ्यास झाले, ते आत्याच्या डॉक्टरांच्या बाजूचे आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा, साडेतीन हजार माणसांचा एकत्र आढावा घेतला गेला: ध्यानाने काळजी कमी होते, काही प्रमाणात. २०२१ मध्ये सव्वादोनशे रुग्णांवरचा एक अभ्यास आला. योग करणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांना गुण आला, विचारांवर काम करणारी प्रचलित मानसोपचार पद्धत घेणाऱ्यांपैकी ७१ टक्क्यांना, आणि ताणाविषयी नुसती माहिती घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना. म्हणजे योग नुसत्या माहितीपेक्षा सरस, पण त्या मानसोपचाराच्या बरोबरीचा नाही. २०२२ मध्ये २७६ जणांच्या चाचणीत आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्राम या नेहमीच्या गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण तो अभ्यासक्रम म्हणजे दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तास. पाऊण तास स्वतःसाठी रोज मिळणं ही किती घरांत शक्य गोष्ट आहे, हा आकडा त्या अभ्यासात नव्हता.

यादीतला राहिलेला उपाय चालण्याचा. नर्मदेच्या काठी तो सर्वांत जुना. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, उगमापासून समुद्रापर्यंत तेराशे किलोमीटर आणि पलीकडच्या काठाने तेवढंच परत. मराठी माणसाचं या परिक्रमेशी जुनं नातं आहे. माणगावचे टेंबेस्वामी याच नदीकाठी गरुडेश्वरला १९१४ मध्ये समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकर इथे चालले. जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी मात्र परिक्रमा वेगळ्या रीतीने केली. जन्म इथलाच, १९२८ चा. घर कच्छी गुजराती. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकलेले चित्रकार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, ते जबलपूरहून निघाले आणि तुकड्यातुकड्यांनी चालले. सुट्टी मिळेल तेव्हा, झेपेल तेवढं. पुढच्या फेऱ्यांत पत्नी कांताबाई बरोबर असत. एकच प्रवास त्यांनी गुजरातीत आणि हिंदीत, दोन्हीकडे स्वतः लिहिला, स्वतःचाच अनुवादक होऊन. मोक्षाचं नाव न घेता, रेखाटनवही घेऊन. काळजीवर उपाय म्हणून ते चालले असं मी म्हणणार नाही, त्यांनी तसं म्हटलेलं नाही. पण मोठ्या व्रताचा आपल्याला पेलेल एवढा तुकडा घेण्याची जी रीत मला सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या झोप न लागणाऱ्या बाईत दिसली, तीच मला वेगडांच्या सुट्टीतल्या पायपिटीत दिसते. ते २०१८ मध्ये जबलपुरातच गेले.

आत्या आता पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. पहाटे चारच्या आसपास तिला जाग येतेच. ती उठते, खाटेवरच डोळे मिटून बसते, मग चहा, मग अर्धी गोळी. आठवड्यातून एकदा रिक्षाने ग्वारीघाटाला जाते आणि घाटाच्या पायऱ्यांवर इकडून तिकडे दोन फेऱ्या मारते. नदी उजव्या हाताला ठेवून जाते, येताना ती डाव्या हाताला येते. याचं तिला काही वाटत नाही. सात प्रश्नांची उत्तरं तिने शेवटी दिली. बेरीज आठ झाली. "म्हणजे पास की नापास?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, थोडी घबराहट आहे. पुस्तिकेत त्या जागी 'सौम्य दुश्चिंता' छापलं आहे; मी 'जीव घाबरा होणं' सुचवलं होतं, ते ग्रामीण वाटतं म्हणून काढलं गेलं. छापील प्रत आत्याकडे आहे. चुरगळू नये म्हणून तिने ती दाराशेजारच्या खाटेच्या गादीखाली ठेवली आहे.